वर्गणीच्या वहीतला मे महिना

एप्रिल उजाडला की मुंबईतल्या मराठी वर्तमानपत्रांत सुट्टीतल्या कार्यक्रमांच्या जाहिराती दिसू लागतात. बालनाट्यांचे प्रयोग, नाट्यशिबिरं, सुगम संगीताच्या मैफली, मुलांसाठी चित्रकला, आजी-आजोबांसाठी जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद. नेमक्या याच दिवसांत दिवा, नालासोपारा, घाटकोपर, भांडुप या बाजूला वेगळेच फ्लेक्स लागतात. वर ग्रामदेवतेचा फोटो, मध्ये ठळक अक्षरांत ‘शक्ती-तुऱ्याचा जंगी सामना’, ‘श्री सत्यनारायणाची महापूजा’ किंवा ‘अखंड हरिनाम सप्ताह’, खाली पदाधिकाऱ्यांचे हात जोडलेले पासपोर्ट फोटो, आणि सगळ्यात तळाला स्थळ: अमुक वाडी, ता. महाड किंवा ता. पोलादपूर, जि. रायगड. जाहिरात उपनगरात आणि कार्यक्रम पावणेदोनशे किलोमीटरवर, सह्याद्रीच्या उतारावर.

मुंबईत राहणाऱ्या एका मोठ्या समाजाचा उन्हाळी कलामहोत्सव असा मुंबईबाहेर भरतो. त्याला तिकीट नाही, वर्तमानपत्रात रकाना नाही. पण घरटी माणसं धरली, त्यांचा प्रवास, जेवणावळी, मांडव, ध्वनिक्षेपक आणि कलावंतांची सुपारी यांचा हिशेब केला, तर शहरातल्या कुठल्याही महोत्सवाच्या तोडीचा हा कारभार ठरेल. तो चालवतात वाडीवाडीची ग्रामस्थ मंडळं. प्रत्येक मंडळाच्या दोन शाखा असतात, एक स्थानिक आणि एक मुंबई. मुंबईचा अध्यक्ष वेगळा, गावचा वेगळा. कधी दोघांचं पटतं, कधी नाही. पण मे महिना दोघांनाही चुकत नाही.

परळची सुट्टी

महाड-पोलादपूरच्या आतल्या गावांतून माणसं मुंबईला गेली ती मुख्यतः गिरण्यांत, गोदीत आणि माथाडी कामावर. जमीन डोंगरउताराची, भात एका पावसाचं, वरकस जागेत नाचणी-वरी. चार महिने राबून आठ महिने पुरेल अशी शेती फार थोड्यांची. मग घरातला एक तरी पुरुष लालबाग-परळला. गावाच्या नावानं घेतलेल्या एकाच खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं, ट्रंक भिंतीला लावून ठेवायची. त्या खोलीतच मंडळाची बैठक व्हायची, तिथंच ढोलकी टांगलेली असायची.

गिरणगावाच्या या करमणुकीला हक्काचं घर मिळालं ते परळच्या दामोदर नाट्यगृहात. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं हे नाट्यगृह १९२२ मध्ये उभं राहिलं. कामगारांची नाटकं, भजनं, नमन आणि शक्ती-तुरा यांना तिथं तारखा मिळत. अनेक मंडळं थंडीच्या आणि शिमग्याच्या सुमारास निधीसाठी प्रयोग लावायची. सभासदांच्या गळ्यात तिकिटांचे गठ्ठे मारायचे, नाट्यगृहाचं भाडं आणि कलावंतांचं मानधन भागवायचं, आणि उरलेल्या पैशातून गावच्या देवळाचं छप्पर, शाळेचं कुंपण किंवा मे महिन्यातली पूजा. म्हणजे मुंबईतला रंगमंच गावच्या उन्हाळ्याची पेढी होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले असंख्य परत आत गेलेच नाहीत. चाळी गेल्या, टॉवर आले, माणसं विरार-बदलापूरकडे पांगली. २०२३ च्या अखेरीस दामोदरही पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा रंगकर्मी रस्त्यावर उतरले. त्या बातम्यांमध्ये नाटकाची बाजू ठळकपणे आली. गावोगावच्या मंडळांची बाजू त्यामानानं मागे राहिली. त्यांना आता मुलुंड, विलेपार्ले, बोरिवली अशा नाट्यगृहांत तारखा शोधाव्या लागतात, आणि परळला पायी येणारा प्रेक्षक आता दोन गाड्या बदलून येतो.

गिरणगावातल्या मुलांना त्या काळी सुट्टीचे दोन भाग होते. सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’नं १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, पुढे रत्नाकर मतकरींनी आपली बालनाट्यसंस्था काढली आणि उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे बालनाट्य हे समीकरण शहरात रुजलं. मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये नव्या संचात आलं तेव्हा चेटकिणीला पाहायला पुन्हा तशीच झुंबड उडाली. परीक्षा संपल्यावरचा हा पहिला भाग. दुसरा भाग १ मे रोजी निकालपत्रक हातात पडलं की सुरू होई: एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा, पेणच्या पुढे लागणारी उलटी, आणि पोलादपूरच्या थांब्यावर उतरल्यावर डोक्यावर बोचकं घेऊन वाडीपर्यंतची चढण.

पंचांग आणि रजा

या भागातले पारंपरिक उत्सव तिथीवर बांधलेले आहेत. महाशिवरात्रीला महाडच्या वीरेश्वराचा छबिना. आसपासच्या गावांतल्या देवांच्या पालख्या आणि काठ्या वाजतगाजत त्याच्या भेटीला येतात. मग शिमग्यात पालखी दारोदार. चैत्रात जत्रा, हनुमान जयंती. पण मे महिन्यातल्या कार्यक्रमांना तिथीचं बंधन नाही. ते ठरतात कारखान्याच्या, बँकेच्या, महापालिकेच्या रजेवर. सत्यनारायण कुठल्याही दिवशी चालतो, ही त्याची मोठी सोय. सप्ताहाची सांगता रविवारी येईल अशी तारीख काढतात. देवळाचा जीर्णोद्धार वर्षभर कधीही पुरा होवो, कलशारोहण मे महिन्यातच.

हीच गोष्ट बौद्धवाड्यांवर दिसते. १४ एप्रिलला मुंबईतला माणूस मुंबईतच असतो. दादर, वरळी, नायगाव इथल्या मिरवणुका त्याच्याच असतात. म्हणून गावची जयंती पुढे ढकलून मे महिन्यात ‘संयुक्त जयंती महोत्सव’ होतो. बुद्ध, शिवराय, फुले, शाहू, आंबेडकर असं एकत्र अभिवादन, दिवसा धम्मप्रवचन आणि मुलांच्या स्पर्धा, रात्री भीमगीतांचा सामना. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं, त्याच तालुक्यात जयंतीची तारीख मुंबईच्या रजेप्रमाणे हलते, यात कुणाला वावगं वाटत नाही. माणसं जमणं महत्त्वाचं, तारीख त्यामागून.

लग्नांचंही तेच. मुलगी डोंबिवलीची, मुलगा नालासोपाऱ्याचा, दोघंही मुंबईत वाढलेले, तरी लग्न गावच्या मांडवात. हळदीच्या रात्री खालू बाजा लागतो. सनई वर चढली आणि ढोल-ताशानं ठेका धरला की भावकीतले अबोलेही त्या ठेक्यावर नाचून घेतात. हल्ली त्याच्या जोडीला बेंजो असतो आणि डीजेही.

एका वाडीचा मे महिन्यातला आठवडा साधारण असा जातो. सकाळी काकड आरती किंवा पूजेची तयारी. दुपारी बायकांचं हळदीकुंकू, संगीत खुर्ची, मुलांची चमचा-लिंबू. भाजावळ झालेल्या मोकळ्या शेतात टेनिस चेंडूचे क्रिकेट सामने. संध्याकाळी हरिपाठ. मग गुणगौरव: दहावी-बारावी पास झालेल्यांना वही, पेन आणि ट्रॉफी. पूर्वी दहावीचा निकाल जूनमध्ये लागायचा, त्यामुळे गौरव आदल्या वर्षीच्या मुलांचा व्हायचा. २०२५ मध्ये निकाल १३ मे रोजीच लागला आणि ताज्या गुणांची मुलं व्यासपीठावर आली. त्यानंतर महाप्रसाद, आणि ताटं उचलली गेली की ढोलकीवर थाप.

सामना

शक्ती-तुरा हा या साऱ्याचा कळस. जाखडी म्हणा, बाल्या नाच म्हणा, मुळात तो गौरी-गणपतीतला. गाणारे आणि वाजवणारे मध्ये बसतात, नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. पायात चाळ, गुडघ्यात वाकून घेतलेला ठेका, एकाच वेळी पडणारी पावलं. अंगणात चारही बाजूंनी माणसं बसलेली असली तर हीच मांडणी योग्य. नाट्यगृहात गेल्यावर मात्र फेर मोडला. मुख्य गाणारे बुवा आणि साथीदार मागे गेले, नाचे प्रेक्षकांकडे तोंड करून रांगेत आले, वेशावर जरी आणि चमकी आली, मागे दिव्यांची रोषणाई आली. मग हाच नवा थाट मे महिन्यात गावी परतला. आज वाडीच्या मांडवातही स्टेज बांधतात आणि नाच समोरून पाहतात. मुंबईनं कोकणाची कला नुसती टिकवली नाही, तिला कूस बदलायला लावली.

सामन्यात दोन बाऱ्या. एक शक्तीवाल्यांची, एक तुरेवाल्यांची. शक्ती श्रेष्ठ की शिव, हा वाद कित्येक पिढ्या चालू आहे आणि तो मिटावा अशी कुणाचीच इच्छा नाही. सुरुवात गणानं, मग गवळण. राधा-कृष्णाच्या तक्रारीत आजूबाजूच्या गावांची नावं बेमालूम मिसळलेली असतात आणि आपलं नाव आलं की त्या कोपऱ्यातून शिट्टी येते. त्यानंतर खरी मेख: सवाल. पुराणातली एखादी आडवाट धरून बुवा समोरच्याला कोंडीत पकडतो. अमक्याचा पूर्वजन्म कोणता, तमक्या युद्धात कोण कुठल्या रथावर होतं. समोरच्या बुवाला आपल्या बारीत उत्तर द्यायचं असतं, तेही पदात, यमकात, आणि उलटा सवाल ठेवून. उत्तर नसेल तर टोमणा मारून वेळ मारून नेतात. प्रेक्षकांना ते कळतं आणि हशा दोन्ही बाजूंना वाटला जातो.

जवळून पाहिलं तर बुवाच्या मांडीजवळ एक फुगलेली वही दिसते. पानांचे कोपरे घामानं मऊ झालेले, मध्ये मध्ये शाईच्या रंगात बदल, समासात आकडे. कुठलं पद कुठल्या चालीवर, याची ती खूण. चाली जुन्या पारंपरिक असतात तशा चालू सिनेमाच्याही. गुरूकडून शिष्याकडे पदं अशीच वहीतून गेली. आता शिष्याच्या हातात मोबाइल असतो, गाजलेला सामना दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर चढतो, आणि वर्षभर राखून ठेवलेला सवाल एका रात्रीत सगळ्यांना ठाऊक होतो. त्यामुळे बुवांना नवं लिहावं लागतं. या कलेचं त्यात नुकसान आहे असं मला वाटत नाही. बायकांच्या बाऱ्याही आता उभ्या राहिल्या आहेत, आणि शाहीर बाई विरुद्ध शाहीर बुवा असा सामना लागला की मांडव अपुरा पडतो.

अडचण वेळेची आहे. रात्रभर चालणारा हा प्रकार रात्री दहाच्या ध्वनिक्षेपकाच्या मर्यादेत बसत नाही. सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते मोठ्या सणांना खर्ची पडतात. काही ठिकाणी म्हणून सामना संध्याकाळीच सुरू होतो, काही ठिकाणी दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करून जुन्या पद्धतीनं नुसत्या गळ्यावर गातात. तेव्हा कळतं कुणाचा गळा कसलेला आहे.

गडावरची गर्दी

मे संपता संपता या टापूतला सगळ्यात मोठा सोहळा येतो, रायगडावर. गड महाड तालुक्यातलाच. टिळकांच्या पुढाकारानं १८९६ मध्ये गडावर शिवउत्सव झाला, आणि श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळ चैत्र पौर्णिमेला महाराजांची पुण्यतिथी तिथं साजरी करत आलं आहे. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाचा सोहळा मात्र अलीकडच्या दोन दशकांत एवढा वाढला की पाचाडपासूनच गाड्या अडतात. तारखेप्रमाणे एकदा आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला एकदा, असे दोन सोहळे. २०२३ मध्ये साडेतीनशेव्या वर्षाचा प्रारंभ झाला तेव्हा शासनही त्यात उतरलं. मर्दानी खेळ, पोवाडे, ढोल-ताशा पथकं, गोंधळ, सगळं होळीच्या माळावर आणि राजसदरेसमोर.

या गर्दीत पुणे, कोल्हापूर, मुंबई इथली तरुण मुलं जास्त. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आहे, पोलादपूर गावात ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. दोन्ही ठिकाणी त्यामानानं शांतता असते.

दोन मोकळे मे

७ जूनला मृग लागतो. त्याआधी चाकरमानी मुंबईला, १५ जूनच्या सुमारास मुलं शाळेत, आणि गावात राहतात ती म्हातारी माणसं, काही बायका, शेतीला धरून असलेले थोडे तरुण. म्हणजे वाडीवर सगळ्यात जास्त माणसं असतात मे महिन्यात, आणि सगळ्यात जास्त धोका असतो जुलैत.

हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २५ जुलै २००५ च्या रात्री महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते इथं डोंगर खाली आले. दीडशेहून अधिक माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला पुन्हा तेच. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री तिथूनच उतरते, पोलादपूरवरून महाडात येते. महाड शहर पाण्याखाली गेलं, आणि त्याच दिवशी दुपारनंतर तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला. तीसहून अधिक घरं गाडली गेली, ऐंशीहून अधिक माणसं मेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी इथंही दरडी आल्या. फोन बंद होते, रस्त्यांवर पाणी आणि माती होती, बाहेरची मोठी मदत दुसऱ्या दिवशी पोहोचली. काही दिवसांनी शोध थांबवला आणि जे सापडले नाहीत त्यांना मृत जाहीर केलं.

त्याआधीचे दोन मे महिने आठवून पाहावेत. २०२० च्या मेमध्ये टाळेबंदी होती. कोकणात आलेल्या चाकरमान्यांना शाळांमध्ये चौदा दिवस वेगळं ठेवलं जात होतं आणि कित्येक गावांनी आपल्याच माणसांना येऊ नका म्हणून निरोप धाडले. २०२१ च्या मेमध्ये पुन्हा निर्बंध आणि जिल्हा ओलांडायला ई-पास. लागोपाठ दोन वर्षं या टापूत पूजा घरच्या घरी झाली, मांडव पडला नाही, सामना लागला नाही. दोन वर्षं वाडी आणि मुंबई समोरासमोर बसलीच नाहीत. आणि मग जुलै आला.

दरड त्यामुळे आली असं म्हणण्यात काही अर्थ नाही. पाऊस आणि उताराची माती कुणाची वाट पाहत नाहीत. पण दरडीनंतर जे प्रश्न पुढे येतात, म्हणजे घरात त्या दिवशी नक्की कोण होतं, कोण मुंबईला होतं, कुणाचा वारस कुठं राहतो, त्यांची उत्तरं कुठल्या कागदावर मिळतात हे पाहिलं पाहिजे. शिधापत्रिकेवर मुंबईतला मुलगा गावच्याच घरात असतो. मतदारयादीत नाव एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. घरपट्टी आजोबांच्या नावानं. जनगणना २०११ नंतर वेळेवर झालीच नाही.

ती लांबट वही

अचूक यादी असते ती मंडळाच्या खजिनदाराकडे. लांबट, लाल कापडी पाठीची वही. प्रत्येक घरामागे एक ओळ: घरमालकाचं नाव, गावी कोण, मुंबईत कोण, मुंबईत कुठं, मोबाइल, वार्षिक वर्गणी, पूजेची वर्गणी, मागील बाकी. मुलगा कमावता झाला की त्याची वेगळी ओळ सुरू होते. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव हळदीकुंकवाच्या यादीत चढतं. कुणी गेलं तर ओळीवर रेघ मारतात आणि पुढच्या बैठकीत श्रद्धांजलीचा ठराव होतो. मे महिन्यात पूजेच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात जमाखर्च वाचला जातो, तेव्हा ही वही सगळ्यांसमोर तपासली जाते. बाकी राहिलेल्यांची नावं मोठ्यानं वाचतात, त्यामुळे चुकीची नोंद टिकत नाही. भांडणं होतात, ‘मांडववाल्याला एवढे कसे?’ यावर अर्धा तास जातो. पण ज्या चाळीस-पन्नास घरांची नीट माहिती कुठल्याही कार्यालयात एकत्र नाही, ती इथं दरवर्षी पैशाच्या निमित्तानं दुरुस्त होते.

या बैठकीत फक्त पूजेचा हिशेब होत नाही. विहिरीचा गाळ, पाखाडीची डागडुजी, वरच्या बाजूला पडलेली भेग, डोंगरात कुणी जेसीबी लावला, हे विषय इथंच निघतात, कारण निर्णय घेणारे आणि पैसे देणारे एकत्र असण्याचा तो वर्षातला एकमेव दिवस. ढोलकी नसती तर निम्मी माणसं आली नसती, आणि माणसं आली नसती तर भेगेची चर्चा झाली नसती.

तळीये पुन्हा वसवण्याचं काम म्हाडानं हाती घेतलं. घरांचा आराखडा झाला, तयार भिंतींची घरं उभी राहू लागली. पुनर्वसनाच्या कुठल्याही योजनेत घर, रस्ता, पाणी, वीज, शाळा यांची यादी असते, समाजमंदिरही असतं. पण वाडी म्हणजे घरांची ओळ नव्हे, हे मे महिन्यात कळतं. मांडव पडेल एवढी सपाट जागा, पालखी नाचवता येईल असं देवळासमोरचं पटांगण, मुंबईहून आलेल्या तीन भावांची बिऱ्हाडं एका रात्री झोपतील अशी पडवी, या गोष्टी चौरस फुटांच्या हिशेबात ऐच्छिक ठरतात. त्या नसल्या की चाकरमानी एक दिवस येऊन परत जातो, दोन-तीन वर्षांत तोही येईनासा होतो, आणि उरलेल्या म्हाताऱ्या माणसांची वाडी पावसाळ्यात एकटी पडते.

मे महिनाही आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. २०२५ मध्ये महिनाभर अवकाळी सरी आल्या आणि २५ मे रोजी मान्सून कोकणात दाखल झाला. दुसऱ्याच दिवशी तो मुंबईत होता, इतक्या लवकर येण्याची तिथं नोंद नव्हती. मांडव भिजले, सामने शाळेच्या वर्गात घ्यावे लागले, काही पूजा एप्रिलच्या अखेरीस ओढून घेण्याची चर्चा सुरू झाली. मुंबईच्या रजेवर चालणाऱ्या पंचांगाला आता ढगांचाही विचार करावा लागणार.

म्हणून एक साधी गोष्ट सुचवावीशी वाटते. पावसाळ्याआधी जिल्हा प्रशासन दरडप्रवण गावांच्या बैठका घेतं. त्या साधारणपणे कामाच्या दिवशी, तालुक्याच्या ठिकाणी होतात आणि तिथं सरपंच, ग्रामसेवक, तलाठी येतात. त्याऐवजी तहसीलदारांच्या माणसानं मे महिन्यातल्या पूजेच्या दिवशी वाडीवर जावं. जमाखर्चाच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्यावीत. कुठल्या ओढ्याचं पाणी गढूळ आलं की घर सोडायचं, रात्री कुठल्या शाळेत जमायचं, मुंबईत कुणाला फोन करायचा, हे त्याच मंडपात, त्याच ध्वनिक्षेपकावर सांगावं आणि त्या वहीची एक प्रत पोलीस पाटलांकडे ठेवावी. याला नवा निधी लागत नाही, नवी समितीही नको. वर्गणी भरून माणसं आधीच जमलेली असतात. दहा मिनिटं ऐकून घेतील. फक्त बोलणाऱ्यानं गणाच्या आधी उरकावं, कारण एकदा बुवा उभे राहिले की मग कुणी कुणाचं ऐकत नाही.